उक्ते काम आणि बाजाराचे यंत्र



पत्रिकेवर माझ्या नावापुढे जो विषय छापला आहे तो वाचून दोघा-तिघांनी मला वाटेत अडविले आणि विचारले, "भाऊ, तुम्ही युनियनवाले. तुमचा आणि शेअरबाजाराचा संबंध काय?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. बाजाराशी माझा संबंध नाही, आणि या वयात तो जोडण्याची इच्छाही नाही. परंतु बाजारासाठी यंत्र करून देणारा जो माणूस आहे, त्याच्याशी माझा संबंध येतो. तो घरी बसून काम करतो, अंगावर घेऊन काम करतो, त्याला हजेरीपुस्तक नाही, पगारपत्रक नाही, आणि पैसे बुडाले तर दाद मागायला दार नाही. असा माणूस दिसला की आमच्यासारख्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. संगणकाची भाषा मला येत नाही. कराराची भाषा थोडीफार येते. तेव्हा आज जे बोलायचे ते त्या बाजूने बोलणार आहे.

प्रथम, ही गोष्ट आपल्या दीपनगरात आली कशी ते पाहू. बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि दुपारी साडेतीनला मिटतो. पहिल्या पाळीचा माणूस त्या वेळी बॉयलरपाशी असतो, कोळशाच्या पट्ट्यावर असतो, नाहीतर कंट्रोल रूममध्ये असतो. जनरल पाळीवाल्याची तीच कथा. तिसऱ्या पाळीवाला घरी असतो खरा, पण तो झोपलेला असतो, निदान झोपलेला असावा. म्हणजे ज्याला बाजारात उतरायची हौस आहे, त्याच्या हौसेच्या आणि बाजाराच्या वेळा जमत नाहीत. मग त्याच्या मनात येते की, आपल्या वतीने खरेदी-विक्री करणारे एखादे यंत्र असावे. आपण पाळीवर असावे आणि यंत्राने घरी पैसे मिळवावेत. कल्पना मोठी गोड आहे! अशा यंत्राला हल्ली 'अल्गो' म्हणतात. अल्गो म्हणजे संगणकाला दिलेली हुकमांची यादी: अमुक भाव झाला की घे, तमुक झाला की विक, इतका तोटा झाला की थांब. तयार अल्गो विकणारे पुष्कळ आहेत, पण ज्याला आपली स्वतःची युक्ती आहे असे वाटते, तो प्रोग्रामर गाठतो आणि त्याला म्हणतो, "माझ्या मनाप्रमाणे करून दे."

यात खानदेशाला नवे असे काही नाही. ज्या मुलुखात कापूस पिकतो त्या मुलुखात कापसाच्या भावावर पैज लावणाराही पिकतो. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारात सकाळी काय भाव उघडला आणि संध्याकाळी काय बंद झाला, याची तार मुंबईला येत असे आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. कापूस बाजूला राहिला, तार बाजूला राहिली, नुसता आकडाच उरला. त्याचाच पुढे मटका झाला. ज्यांनी कधी बोंड वेचले नाही असे हजारो लोक त्या आकड्यापायी उठले. मी शेअरबाजाराला मटका म्हणत नाही. कारखान्याचा भाग विकत घेऊन दहा वर्षे सांभाळणारा माणूस निराळा. परंतु ज्या अल्गोबद्दल मी बोलतो आहे, ते बहुतेक सगळे फ्यूचर्स आणि ऑप्शन्स या पोटबाजारासाठी करून घेतले जातात, आणि त्या बाजाराचा हिशोब सरकारी यंत्रणेनेच मांडून ठेवला आहे.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात या पोटबाजारात उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. तोट्याची सरासरी माणशी सुमारे २ लाख रुपये. सर्वांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक नफा मिळविणारे शेकडा एक! त्यातले तीनचतुर्थांश लोक वर्षाला पाच लाखांपेक्षा कमी मिळकत सांगणारे होते. पुढच्या, २०२४-२५ या वर्षीही ९१ टक्के तोट्यातच राहिले आणि त्या एका वर्षाचा तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या पुढे गेला.

आता कोणी म्हणेल, "हे तोट्यात गेले कारण ते हाताने व्यवहार करीत होते. यंत्राने केला असता तर?" त्याचेही उत्तर त्याच अभ्यासात आहे. २०२३-२४ मध्ये स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या पेढ्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी सुमारे २८ हजार कोटी ढोबळ नफा मिळविला, आणि त्या नफ्याचा शेकडा ९६-९७ भाग अल्गोने मिळविलेला होता. हे वाचून आपला माणूस मांडीवर थाप मारतो आणि म्हणतो, "पाहा, यंत्रातच पैसा आहे!" अहो, पण यंत्र कोणाचे? त्या पेढ्यांची यंत्रे बाजाराच्या संगणकाच्या शेजारच्या खोलीत भाड्याने ठेवलेली असतात. आपले यंत्र सव्वाचारशे किलोमीटरांहून अधिक दूर, दीपनगरच्या क्वार्टरमध्ये, आणि त्यावर घरातली मुले सिनेमा पाहत असतात. आगगाडीशी बैलगाडीने शर्यत लावावी, आणि बैलगाडीलाही चाकेच आहेत म्हणून समाधान मानावे, त्यातला हा प्रकार आहे.

असो. उपदेशाने कोणी थांबत नाही हे मला ठाऊक आहे. दारूबंदीवर बोलायला मला बोलावले नाही. ज्यांना हे करायचेच आहे ते करणार. तर ते करताना काम देणाऱ्याने आणि काम घेणाऱ्याने एकमेकांशी कसे वागावे, हा आजचा खरा विषय आहे.

काही महिन्यांपूर्वी एक तंटा माझ्याकडे आला. नावे सांगत नाही, गावही सांगत नाही. मंडळी याच तालुक्याच्या आसपासची आहेत एवढे पुरे. पाच जण एकत्र आले. दोघे निवृत्त, त्यांच्याकडे ग्रॅच्युइटीचा पैसा. एक कापडाचा दुकानदार, एक शिक्षक, आणि एक अजून नोकरीत असलेला. त्यांनी शेजारच्या गावातला एक अभियांत्रिकी शिकलेला मुलगा गाठला. मुलगा हुशार, नम्र. पुण्याची नोकरी आईच्या आजारपणामुळे सोडून घरी आलेला. काम साठ हजाराला ठरले. वीस हजार इसार दिला आणि बाकीचे चाळीस हजार, ऐका हं, "नफा सुरू झाल्यावर". कागद काही नाही. सगळे मोबाइलवरच्या निरोपांत.

मुलाने दोन महिने खपून काम केले. मागच्या दोन वर्षांच्या भावांवर यंत्र चालवून दाखविले. शंभरात अठ्ठ्याहत्तर वेळा फायदा! मंडळी खूष झाली. येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे की, या मागच्या भावांवरच्या परीक्षेत मोठी फसगत असते, आणि ती प्रोग्रामर करतो असे नाही, आपली आपणच करून घेतो. पहिल्या वेळी फायदा पंचावन्न वेळा आला, तर मंडळी म्हणाली, अमुक आकडा बदल. मग साठ आला. पुन्हा बदल. असे वीस-पंचवीस वेळा बदलून अठ्ठ्याहत्तर आणला. प्रश्नपत्रिका आणि उत्तरे दोन्ही समोर ठेवून अभ्यास केल्यावर पहिला नंबर येणारच. शिवाय दलाली, सरकारी कर, आणि आपण सांगितलेला भाव व प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतला फरक त्या परीक्षेत धरलाच नव्हता. ऑप्शन विकताना जो कर बसतो तो १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.०६२५ टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर गेला. आकडा डोळ्याला दिसत नाही इतका लहान. पण यंत्र दिवसाला तीस वेळा विकते, तेव्हा तो लहान राहत नाही.

तीन आठवडे यंत्र बरे चालले. चौथ्या आठवड्यात एके दिवशी इंटरनेट मध्येच गेले आणि आले. यंत्राने खरेदीचा हुकूम पाठविला होता; दलालाकडून पोच आली नाही. यंत्राने पुन्हा पाठविला. पुन्हा पोच नाही. तिसऱ्यांदा पाठविला. वास्तविक तिन्ही हुकूम पोचले होते, अडकली होती ती फक्त पोच. म्हणजे एकपट घ्यायचे ते तिप्पट घेतले गेले, आणि भाव उलटा फिरला. एक लाख चाळीस हजार रुपये गेले. पाचही जण मुलाच्या अंगणात. "आमचे पैसे दे." मुलगा म्हणतो, "माझे चाळीस हजार आधी द्या." तशात त्याने यंत्राचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो दडवून ठेवला. तेव्हा कोणीतरी म्हणाले की, पोलिसात जाण्याआधी युनियनच्या भाऊंकडे जा.

मी दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारला. आपल्याकडे विहीर कशी खणतात? आधी पाणाड्या येतो, नारळ किंवा कडुनिंबाची काडी हातावर धरून शिवारात फिरतो, आणि म्हणतो, येथे पाणी आहे. मग विहीर खोदणारी टोळी येते. तिच्याशी परसाच्या हिशोबाने उक्ते ठरते: इतके खोल, इतके रुंद, इतके पैसे. चाळीस फुटांवर पाणी लागले नाही तर खोदणाऱ्याची मजुरी कोणी बुडवतो का? बुडवली तर गाव त्याला काय म्हणेल? जागा टोळीने दाखविली नव्हती. मात्र बांधकाम करणाऱ्याने कठडा कच्चा बांधला आणि पहिल्या पावसात ढासळला, तर तो त्याने फुकट बांधून दिला पाहिजे. येथे पाणाड्या कोण? तर ही पाच मंडळी. युक्ती त्यांची, आकडे त्यांचे. तेव्हा युक्ती चुकली तर तोटा त्यांचा. मुलगा खोदणारा. हुकूम तीनदा जाणे हा मात्र कच्चा कठडा. तो त्याच्या पदरात.

"नफा सुरू झाल्यावर पैसे" ही अट मला सर्वांत वाईट वाटली. गिरणीत कापड खपले नाही म्हणून मागावरच्या माणसाचा पगार कापायचा, असला हा न्याय आहे. मजुरी कामाची असते. नफ्यात भागी द्यायची असेल तर ती मजुरीच्या वर द्यावी, मजुरीच्या ऐवजी नव्हे. आणि प्रोग्रामरनेही ही अट मान्य करू नये. कारण ती मान्य करणारा माणूस नकळत असे कबूल करतो की, माझ्या यंत्राने नफा होतोच. सेबीने सप्टेंबर २०२२ मध्ये दलालांना अल्गोच्या मागील किंवा भावी नफ्याचे दाखले देण्यास मनाई केली. जे बोलायला दलालाला बंदी, ते एका घरी बसलेल्या मुलाने का बोलावे?

आता त्या तीनदा गेलेल्या हुकमाविषयी. येथे बसलेले रेल्वेवाले हे माझ्यापेक्षा चांगले सांगतील. भुसावळच्या पुढच्या स्टेशनावरून लाइन क्लिअर आली नाही, म्हणून स्टेशनमास्तर तीच गाडी पुन्हा सोडतो का? तो आधी विचारतो, पहिली पोचली की नाही? चांगल्या यंत्रातही हेच हवे. पोच आली नाही तर पुन्हा हुकूम पाठवायचा नाही. आधी दलालाच्या वहीत पाहायचे की आपला हुकूम नोंदला गेला आहे का. प्रत्येक हुकमाला आपला स्वतंत्र क्रमांक द्यायचा. ही चार ओळींची सोय आहे म्हणतात, पण ती सांगितली पाहिजे आणि लिहून दिली पाहिजे.

वीजकेंद्रात राहणाऱ्या आपल्या लोकांना यंत्राची भीती कशी बाळगावी हे शिकवायला नको. आपली टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेते. वेग शेकडा दहाच्या आसपास वाढला की ती कोणाला न विचारता स्वतःच बंद होते. ऑपरेटर चहा पीत असो, साहेब मीटिंगमध्ये असो, ट्रिप ती ट्रिप. ती सोय न बसविता सेट सुरू करा म्हणणारा अभियंता मी पाहिलेला नाही. मग घरच्या पैशाचे यंत्र ट्रिपशिवाय कसे सुरू करता? दिवसाला अमुक तोटा झाला की यंत्राने सर्व सौदे मिटवून बंद व्हावे, आणि पुन्हा सुरू करायला माणूसच लागावा. दिवसात अमुक संख्येवर हुकूम गेले की बंद. इंटरनेट गेले की बंद. नवा सेट आपण एकदम ग्रिडला जोडतो का? आधी तो शून्य भारावर फिरवतो, मग थोडा भार देतो. तसे आधी महिना-दोन महिने कागदावर चालवा, मग एका लॉटवर. त्या पाच मंडळींनी पहिल्याच दिवशी सगळी रक्कम लावली होती.

आणि ही काळजी फक्त गरिबांनी घ्यायची आहे असे समजू नका. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची मोठी पेढी होती. १ ऑगस्ट २०१२ रोजी तिने आपले नवे सॉफ्टवेअर चालू केले. आठ संगणकांवर ते बसवायचे होते. बसविणाऱ्याने सातांवर बसविले, आठव्यावर राहिले. त्या आठव्यात जुना, वापरात नसलेला मजकूर पडून होता, तो जागा झाला. २१२ गिऱ्हाइकांच्या किरकोळ हुकमांपोटी त्या यंत्राने लाखो हुकूम बाजारात सोडले. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरांहून अधिक तोटा, आणि काही महिन्यांत पेढी दुसऱ्याच्या पोटात. चौकशीत असे निघाले की, बाजार उघडण्यापूर्वीच यंत्राने बिघाडाची सूचना देणारे ९७ ई-पत्रे कर्मचाऱ्यांना धाडली होती. कोणी वाचली नाहीत. कंट्रोल रूममध्ये काम केलेल्यांना हे चित्र डोळ्यांसमोर येईल: पॅनेलवर दिवा लुकलुकतो आहे, आणि जो तो म्हणतो, तो नेहमीच लागतो!

आपल्याकडेही ५ ऑक्टोबर २०१२ रोजी मुंबईत एम्के ग्लोबल या दलालपेढीकडून चुकीचे हुकूम गेले. त्यांची रक्कम साडेसहाशे कोटींच्या वर होती, आणि निफ्टी क्षणात सुमारे ९०० अंशांनी कोसळून बाजार थांबला. ते काम यंत्राचे नव्हे, माणसाच्या हाताचे होते. म्हणजे हाताने चूक होत नाही असेही नाही. पण हात थकतो, यंत्र थकत नाही.

कायद्याची बाजू आता सांगतो, कारण तिथे बहुतेकांची समजूत चुकीची असते. लोकांना वाटते, मी पैसे दिले म्हणजे सॉफ्टवेअर माझे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम हा साहित्यकृतीतच मोडतो. आता नोकराने नोकरीच्या ओघात लिहिलेले मालकाचे. पण जो नोकर नाही, उक्त्यावर काम करतो, त्याने लिहिलेले पहिल्याने त्याचेच. त्याने लेखी सही करून हक्क दिले तरच ते तुमचे. त्यातही किती वर्षांसाठी दिले हे लिहिले नाही, तर कायदा पाचच वर्षे धरतो. म्हणजे आमच्या तंट्यातल्या मुलाने सोर्स कोड दडवला तेव्हा तो चोर नव्हता. मंडळींनीच कागद केला नव्हता. उलट बाजूही ऐका. पुरे पैसे घेऊन जो प्रोग्रामर मूळ मजकूर देत नाही, तो गिऱ्हाइकाला जन्मभर आपल्या दाराशी बांधून ठेवतो. आमच्या जुन्या मुकादमांची हीच रीत होती. ती वाईट म्हणून आम्ही तिच्याशी लढलो. आता ती शिकलेल्या मुलाने केली म्हणून चांगली होत नाही.

पैसे बुडविणाऱ्यांसाठीही कायदा आहे, तो फार थोड्यांना ठाऊक आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याखाली एकटा प्रोग्रामरसुद्धा उद्यम नोंदणी करू शकतो. मग त्याचे बिल ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागते. न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, आणि दाद मागायला राज्याची परिषद आहे. नोंदणीला पैसे लागत नाहीत. मी प्रत्येक अशा मुलाला सांगतो की, संगणक उघडण्याआधी ही नोंदणी कर. सामाजिक सुरक्षेची नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तिच्यात 'गिग' कामगार हा शब्द प्रथमच कायद्यात बसला, ही मोठी गोष्ट आहे. परंतु तिच्यातील वर्गणी येते ती मोठ्या मध्यस्थ कंपन्यांकडून. गावातल्या गावात, ओळखीने, दुकानाच्या ओट्यावर बसून ठरलेल्या कामाला तिचा फारसा आधार नाही. तिथे आधार एकच, सहीचा कागद.

आणि सेबीचे नियम. ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने किरकोळ गुंतवणूकदाराच्या अल्गोला प्रथमच चौकट घातली; मुदती दोनदा वाढल्या आणि सर्व दलालांना लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली. त्यातले आपल्या कामाचे तेवढे सांगतो. स्वतः किंवा स्वतःसाठी करविलेला अल्गो सेकंदाला दहा हुकमांच्या मर्यादेत असेल, तर त्याची बाजाराकडे स्वतंत्र नोंदणी लागत नाही. त्याच्या वर गेला तर दलालामार्फत करावी लागते. असा अल्गो स्वतः, पती वा पत्नी, आणि अवलंबून असलेली मुले व आईवडील यांच्यापुरताच वापरता येतो. मित्रमंडळ त्यात बसत नाही! पाच जणांनी पैसे गोळा करून एकाच्या खात्यात यंत्र चालवायचे, हा बेत मुळातच नियमाबाहेरचा होता. ज्या संगणकावरून हुकूम जाणार त्याचा पत्ता दलालाकडे आधी नोंदवावा लागतो, आणि किल्ली ज्याची त्यालाच मिळते. तेव्हा ही किल्ली आणि पासवर्ड प्रोग्रामरच्या हाती देऊ नका. त्याच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. सुताराला कपाट करायला सांगितले म्हणून आपण तिजोरीची किल्ली त्याच्या खिशात ठेवत नाही, आणि शहाणा सुतारही ती घेत नाही.

सरकारी नोकरांसाठी आणखी एक. केंद्राच्या १९६४ च्या आणि रेल्वेच्या १९६६ च्या वर्तणूक नियमांत शेअर्सच्या सट्ट्याला मनाई आहे, आणि वारंवार घेणे-विकणे म्हणजे सट्टाच, असे नियमच म्हणतो. दिवसाला तीस सौदे करणारे यंत्र कोणाच्या नावावर आहे, याचा विचार भुसावळच्या मंडळींनी करावा. इतरांनी आपापल्या कंपनीचे नियम काढून वाचावेत. चार्जशीट आली की लोक युनियनकडे धावतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

काम एकदा हातात आले की संपले, हीही एक चुकीची समजूत. निफ्टीचा लॉट २५ चा होता, तो नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या सौद्यांसाठी ७५ झाला. आठवड्याच्या सौद्यांची मुदत गुरुवारी संपत असे, ती १ सप्टेंबर २०२५ पासून मंगळवारवर आली. ज्या यंत्राच्या पोटात 'गुरुवार' लिहून ठेवला होता, ते बिचारे गुरुवारचीच वाट पाहत बसले असेल. बाजार बदलतो, दलाल आपली पद्धत बदलतो, आणि प्रत्येक वेळी गिऱ्हाइक प्रोग्रामरला म्हणते, "जरा एवढे करून दे, पाच मिनिटांचे तर काम." ही पाच-पाच मिनिटे वर्षभरात दोन महिने होतात. त्याची मजुरी निराळी ठरली पाहिजे, महिन्याची किंवा तासाची.

त्या तंट्याचे काय झाले ते सांगायचे राहिले. तीन बैठका झाल्या. मुलाने तीनदा हुकूम जाण्याचा दोष फुकट दुरुस्त करून द्यायचा, आणि त्या दोषामुळे वाढलेल्या तोट्यापोटी आपल्या येण्यातले पंधरा हजार सोडायचे. मंडळींनी बाकीचे पंचवीस हजार दोन हप्त्यांत द्यायचे. आणि दुसरा हप्ता पोचला की सोर्स कोड सहीनिशी त्यांच्या हवाली, असे ठरले. कापडाच्या दुकानदाराला हे पटले नाही. त्याचे म्हणणे, गेले एक लाख चाळीस आणि वर पंचवीस आम्हीच द्यायचे? तो अजून माझ्याशी बोलत नाही. दुकानासमोरून गेलो की कापड मोजू लागतो. दोघा निवृत्तांपैकी एकाने उरलेली ग्रॅच्युइटी बँकेत मुदतीने ठेवली. दुसऱ्याने यंत्र अजून चालू ठेवले आहे, स्वतःच्या एकट्याच्या खात्यावर, एका लॉटवर. त्याचे नफा-तोट्याचे आकडे मी विचारले नाहीत, त्यानेही सांगितले नाहीत.

तो मुलगा आता रावेरकडच्या एका केळी-व्यापाऱ्यासाठी काम करतो. गाडी कोणत्या बागेतून भरली, घड किती, वजन किती, भाव काय, तूट किती, मजुरांची भरणावळ किती, हे सारे मोबाइलवर नोंदून संध्याकाळी शेतकऱ्याला पावती पाठविणारे यंत्र त्याने केले. तेही व्यापाराचेच सॉफ्टवेअर! यातही पैसे देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची कटकट आहेच, पण या वेळी काम सुरू होण्यापूर्वी तो कागद घेऊन आमच्या कचेरीत आला होता.

त्या कागदाचा नमुना आम्ही मराठीत छापून घेतला आहे, दोन पानांचा. काम काय, किती टप्प्यांत, प्रत्येक टप्प्याला किती पैसे. चाचणी कोणी कशी करायची. दोष कशाला म्हणायचे आणि नवे काम कशाला. तोट्याची जबाबदारी कोणाची. मूळ मजकूर केव्हा द्यायचा आणि हक्क किती वर्षांसाठी. पुढची देखभाल काय दराने. आणि गिऱ्हाइकाची युक्ती प्रोग्रामरने दुसऱ्याला विकायची नाही. दराची जागा कोरी आहे. ती भरण्याआधी मुलांनी एकदा आपसांत बसून बोलावे, म्हणजे एकाने साठाला घेतलेले काम दुसरा तीसाला मागणार नाही. येत्या रविवारी सकाळी दहाला कचेरी त्यासाठी उघडी राहील. प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकेक न्यावी, आणि कलम चौथे, तोट्याचे, घरी गेल्यावर बायकोला वाचून दाखवावे.